हद्द

सिडकोत मी ट्रेसर होतो.
बत्तीस वर्षं तिरक्या टेबलावर वाकून
दुसऱ्यांनी आखलेल्या रेषा
पातळ कागदावर गिरवल्या.
बेलापूरचा हा सेक्टरही माझ्याच हातचा:
गटार ठिपक्यांनी, रस्ता दुहेरी रेघेनं,
प्लॉटची हद्द जाड.
झाडासाठी एक गोल रबरी शिक्का होता,
साहेब सांगतील तिथे उठवायचा.
पक्ष्याचा शिक्का नव्हता.

आता तळमजल्याच्या मागे दहा बाय बाराची बाग.
बाग म्हणजे एक शेवगा, एक अंजीर,
कुमुदची जास्वंद,
आणि पाण्याचं परळ,
ज्यावरून साळुंक्यांची रोज भांडणं.

पहाटे पावणेपाचला दयाळ सुरू होतो.
शेवग्याच्या शेंड्यावर, शेपूट ताठ,
काळा रंग इतका ओला
की बोट लावलं तर पसरेल,
ब्लेडनं खरवडून काढावा लागेल.
कुमुद म्हणते, गातोय.
मी म्हणतो, गात नाही. आखतोय.
शेवगा. मग तांडेलांची टाकी.
मग दिव्याच्या खांबाचा वाकडा अँगल.
मग नाल्यापलीकडचं उंबर.
चार कोपरे, चारदा तेच:
इथपर्यंत मी.

बाकीच्यांना त्याची हरकत नसते.
शिंपीण अंजिराचं पान शिवते,
दोरा आमच्याच गोधडीचा, पिवळा.
सातभाई येतात, मी मोजतो,
कधी सहा, कधी नऊ.
शिंजीर जास्वंदीला उलटा लटकतो.
एकदा कुंपणाच्या बुडाशी भारद्वाज
गोगलगाय फोडत होता,
कुमुदनं हात जोडले
आणि आत दूध उतू गेलं.

भांडण फक्त दयाळाशी दयाळाचं.
चैत्रात रोहिदास तांडेलांच्या स्कूटरच्या आरशात
त्याला दुसरा सापडला.
अकरा दिवस तो त्याच्यावर तुटून पडत होता,
चोचीनं, नखांनी, पंखांनी,
सीटवर शिटलेलं ते वेगळंच.
रोहिदास म्हणाले, साहेब, तुमचा पक्षी आवरा.
म्हटलं, स्कूटर तुमच्या हद्दीत,
आरसा तुमचा, आरशातलाही तुमचाच.
ते हसले नाहीत.
संध्याकाळी मी माझा एक जुना मोजा
आरशावर चढवला.

सकाळी दयाळ आला. आरसा नाही.
मोज्यावरच बसला.
डावीकडून वाकून पाहिलं, उजवीकडून पाहिलं,
शत्रू कुठेच नाही.
बराच वेळ तसाच.
मग गळा हलला, चोच जेमतेम उघडी,
आणि इतक्या हळू काहीतरी सुरू झालं
की मी पंखा बंद केला तेव्हा ऐकू आलं.
एवढ्या आवाजात कुणालाही काही बजावता येत नाही.
मादी परळाच्या काठावर होती, राखाडी,
तिचं लक्षही नव्हतं.

रात्री ट्रंकेतून जुना कागद काढला,
पट्टी, चांगली टोक केलेली पेन्सिल.
त्याची हद्द उतरवली:
आमची भिंत ओलांडून, तांडेलांच्या मोरीवरून,
चार प्लॉट तिरके कापून, नाल्याच्या दोन्ही काठांवर.
माझ्या नकाशाची एकही रेघ तिला जुळत नव्हती.
कुमुद चष्मा लावून पाहत राहिली.
हे काय?
म्हटलं, दयाळाचा प्लॉट.
आणि मोज्यावर बसून जे म्हणत होता,
ते कुठे दाखवलंत?
मी कागद गुंडाळला.
खोडरबराचा चुरा तिनंच झाडला.

एसीसाठी पाडलेलं भोक आमच्या भिंतीत आहे,
एसी घ्यायचं राहून गेलं.
मे महिन्यात त्यातून आवाज येऊ लागले,
बारीक, भुकेले, दिवसभर.
एका सकाळी एक पिल्लू बाहेर पडलं
आणि कसंबसं
तांडेलांच्या स्कूटरच्या सीटवर जाऊन बसलं.
छातीवर तपकिरी ठिपके, शेपूट अर्धी बोटभर,
कसली हद्द, कुणाची, काही पत्ता नाही.
बाप वर तारेवर ओरडून ओरडून थकलेला.

रोहिदास खाली आले, हातात हेल्मेट, डबा.
थांबले. माझ्या खिडकीकडे पाहिलं.
मी काही बोललो नाही.
हेल्मेट त्यांनी हळूच पायरीवर ठेवलं
आणि चपला न वाजवता फाटकाकडे गेले.
त्या दिवशी ते रिक्षानं कामावर गेले.